दुर्लक्ष यादी

माझ्या धंद्यातल्या माणसाला कुणी हौसेनं जेवायला बोलावत नाही. मी मूल्यमापक, म्हणजे कर बसवण्यासाठी मालमत्तेची किंमत काढणारी बाई. किंमत काढली की मालक म्हणतो जास्त काढली आणि ग्रामपंचायत म्हणते कमी काढली. बावीस वर्षं दोन्हीकडची बोलणी खाऊन मी निर्ढावले होते. पण २०४१च्या मार्चमध्ये माझ्या हातून जे घडलं, त्याबद्दल आधी मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणून ते मलाच सांगावं लागलं.

धरणापासून शहरापर्यंत जलकंपनीची चौऱ्याऐंशी किलोमीटर नळी जाते. वाटेत डोंगरपट्ट्यातली बावीस गावं लागतात. त्यांतलं टेमघळ हे माझं माहेर. या गावांत दोन खणांच्या घरालाही घरपट्टी चुकत नाही, पण कंपनीच्या नळीवर कर बसायचा तो नावालाच. जुनी रीत अशी, की वस्तू घेतली तेव्हाची किंमत धरायची आणि तिच्यातून दरवर्षीची झीज वजा करायची. चाळीस वर्षांची नळी, म्हणजे कागदावर भंगार. हे भंगार एक दिवस बंद पडलं असतं तर अर्ध्या जिल्ह्यानं बोंब मारली असती, पण बोंबेची किंमत काढायची सोय कायद्यात नव्हती.

नव्या कायद्यानं ती केली. नळी, खांब, मनोरे, असल्या सार्वजनिक सेवांच्या मालमत्तेचं मूल्य झिजेवर ठरवायचं नाही, ‘हे नसलं तर काय?’ या प्रश्नावर ठरवायचं. त्याला अवलंबमूल्य असं भारदस्त नाव होतं. ज्या गावाचं नळीवाचून जास्त अडतं, त्या गावाच्या हद्दीतला तुकडा जास्त मोलाचा आणि त्या गावाला कराचा वाटा मोठा. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! मलाही वाटलं. तालुक्या-तालुक्यांत जाऊन मी त्यावर भाषणं दिली आहेत.

गावाचं किती अडतं हे मोजायला यंत्र होतं. नळीच्या पाठीवरून काचेची केसाएवढी तार जाते. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाची चमक सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खाचखळगे राहतातच, आणि प्रत्येक ठिकाणाहून थोडा थोडा प्रकाश माघारी येतो. जवळपास कुणी पाऊल टाकलं, मोटर सुरू झाली, दगड गडगडला, की तार किंचित ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. किती वेळानं आला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून कारण कळतं. थोडक्यात, नळीला दर मीटरला एक कान. कुठल्या आळीत किती वाजता नळ सुटतात, कुणाची बोअर चालते, कुठल्या विहिरीचा रहाट करकरतो, हे सगळं यंत्र ऐकायचं आणि नळी नसली तर गावाचं किती दिवस भागेल याचा हिशेब मांडायचं. ऐकतंच आहे तर कायद्यानं त्याला आणखी एक काम दिलं होतं. नळीच्या आसपास दरड कोसळली किंवा माणूस पडलं, तर तालुक्याला ताबडतोब इशारा. पहिल्याच वर्षी दोन माणसं त्यानं वाचली.

शालनवहिनीला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

“म्हंजी आता नळीलाबी कान फुटलं?” ती म्हणाली. “मग भिंतींनी काय घोडं मारलं हुतं?”

“खरंच गं. घळीतल्या पुलावर जा, नळीवर दगडानं ठोक. मला तालुक्याला दिसेल.”

शालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, हिंदुरावआबाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या वेण्या, माझा अभ्यास, माझं आजारपण, सगळं तिनं काढलं. ऐन तारुण्यात तिच्या पावलावर जात्याची तळी पडली होती, तेव्हापासून ती लंगडायची. एक पाऊल पुरं, एक अर्धं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझ्यासमोरच्या पडद्यावर टेमघळच्या घळीत तीन टोकदार रेघा उमटल्या. मी फोन लावला. घळीत रेंज नाही, म्हणून ती घरी पोचेपर्यंत तीनदा लावला.

“काय गं, सरकारी नळी फोडतेस का?”

ती लहान पोरीसारखी हसली. “वैजे, जेवलीस का?”

तेव्हापासून तीन ठोके म्हणजे ‘वैजे, जेवलीस का?’ महिन्यातून एक-दोनदा यायचेच. मी म्हणायचे, “अगं, फोन आहे की तुझ्याकडं.” तर म्हणायची, “फोनला रिचार्ज लागतंय. नळी फुकाट हाय.”

पहिल्या मूल्यमापनात टेमघळला फार कमी वाटा मिळाला. शेजारच्या गावाला तिप्पट. त्यांनी त्या पैशातून उपकेंद्रात रोज बसणारी नर्स ठेवली. आबा सरपंच होता, त्याच्या जिव्हारी लागलं. मी गेले तेव्हा ताटावर बसल्या बसल्या त्यानं विषय काढला.

“आमच्या गावानं काय पाप केलंय गं?”

“पाप नाही आबा. तुम्हाला विहीर नडतेय. बारमाही पाणी आहे तिला. उद्या नळी बंद पडली तरी तुमचं भागतं. यंत्र तेच मोजतं.”

“आन् हीर नसली तर?”

“तर आकडा वर जाईल. सांगितलं आपलं.”

सांगितलं आपलं! हे दोन शब्द मी सरकारी नोकरीत शिकले. सल्ला तर द्यायचा आणि अंगाला लावून घ्यायचा नाही.

वहिनी ताक वाढता वाढता थांबली. “भरल्या हिरीला झाकण घालनार व्हय? साती आसरा हाइत तितं.”

विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. अक्षय तृतीयेच्या आधी घरटी एक माणूस विहिरीत उतरून गाळ काढतं आणि पहिली कळशी आसरांना देऊन मगच पाणी भरतात. हे आजवर एका वर्षीही चुकलं नव्हतं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा होती. मी भाताला हात घातला.

त्या वर्षी गाळ काढला गेला नाही. ग्रामसभेनं ठराव केला आणि विहिरीवर सिमेंटचा स्लॅब पडला. पुढच्या मूल्यमापनात टेमघळचा वाटा अडीचपट झाला. नर्स आली, शाळेचं छप्पर झालं, आणि सभेत मला शाल-श्रीफळ मिळालं. खोटं कशाला बोलू, मी फोटोही काढून घेतले.

त्यानंतर महिन्याभरानं यंत्रानं मला एक प्रश्न विचारला. टेमघळ, विहीर, रोज पहाटे पावणेसहा. एक व्यक्ती येते, चार मिनिटं थांबते, परत जाते. ‘पर्यायी स्रोताचा वापर: शक्यता साठ टक्के.’

पावलांची रेघ बघताच मला हसू आलं. एक पुरं, एक अर्धं. वहिनी रोज पहाटे आसरांना हळदकुंकू वाहायला जात होती. पण यंत्राला हळदकुंकू कुठलं कळायला? कुणीतरी बंद विहिरीतून चोरून पाणी काढतंय, असं त्यानं धरलं होतं. तीस दिवसांत मी काही नोंदवलं नसतं, तर विहीर चालू आहे असं धरून गावाचा वाटा पुन्हा खाली आला असता.

पडद्यावर दोन पर्याय होते. ‘या ठिकाणाकडे दुर्लक्ष’ निवडलं तर जागेची पाहणी, पंचनामा, वरिष्ठांची सही. ‘या व्यक्तीकडे दुर्लक्ष’ निवडलं तर एक बोट टेकवायचं. मी बोट टेकवलं. शालनवहिनीची चाल यंत्राच्या दुर्लक्ष यादीत गेली. यादीतलं माणूस नळीच्या कुठल्याच कानाला ऐकू येत नाही, ना त्याची पावलं, ना त्याच्या हातचे आवाज. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात हा धडा मीच शिकवायचे.

तो हिवाळाभर घळीतून एकही ठोका आला नाही. विहिरीवरून वहिनी रुसली असेल असं मला वाटलं. मीही ताठ्यातच होते. गावाचं भलं केलं आणि वर हिचे रुसवे मीच काढायचे? दिवाळीला गेले तेव्हा तिनं एकदा विचारलं, “लई काम असतंय का गं हल्ली?” मी म्हटलं, “असतं.” तिनं माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

मार्चमध्ये पंपघरातला मोठा पंप जळाला. सुटा भाग परदेशातून यायचा होता. शहराला दुसऱ्या धरणाचं पाणी वळवलं, आमच्या बावीस गावांना दर तिसऱ्या दिवशी टँकर. टेमघळच्या बाया कळशा घेऊन घळीतल्या झऱ्यावर उतरू लागल्या. विहिरीचा स्लॅब फोडायचं काहींनी काढलं, पण वर्षभर न उपसलेलं पाणी, आधी तपासायला हवं, असं माझ्याच कचेरीनं कळवलं.

आम्हा मूल्यमापकांना मात्र ही पर्वणी होती. ‘नळी नसली तर काय?’ याचं उत्तर आजवर यंत्र कल्पनेनं काढायचं. आता नळी खरोखरच बंद होती. नवव्या दिवशी मी सकाळी आठलाच कचेरीत जाऊन बसले. गावोगावचे आकडे चढत होते. टेमघळचा सगळ्यांत वर होता. माझ्या गावाचा आकडा चढताना पाहून मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं. नऊ वाजता मी पोहे मागवले.

अकराला फोन आला. टेमघळच्या नर्सचा. त्या वाढीव करातून आलेल्या नर्सचा.

“मॅडम, तुमच्या वहिनी घळीत पडल्यात. बायकांना आत्ता सापडल्या. खुबा मोडलाय, आतून रक्तस्राव वाटतोय. गाडी निघालीय.”

गाडी घाट उतरायच्या आत वहिनी गेली. डॉक्टर म्हणाले, तीन तास आधी आणलं असतं तर हातात काहीतरी होतं. आबा आदल्या दिवसापासून सुट्या भागासाठी कंपनीच्या दारात बसला होता, त्यामुळं घरी तिची वाट बघायला कुणी नव्हतं. पाय अधू म्हणून ती इतर बायांच्या आधी, एकटीच निघायची. त्या दिवशी टँकरची पाळी होती, बाकीच्या बाया दहापर्यंत घळीत उतरल्याच नाहीत.

ती गेल्याच्या चौदाव्या दिवशी चौकशीला साहेब आले. ग्रामसभा भरली. विहीर बंद करायची कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. आबा उभा राहिला. पंधरवड्यात त्याचे खांदे उतरले होते.

“हीर म्या झाकली. दुसऱ्या कुनाचा संबंध न्हाई.”

मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या चपलेचा अंगठा उसवला होता, तो मी सभा संपेपर्यंत बघत राहिले.

जाता जाता साहेबांनी मला एक काम सांगितलं. नळीपासून हातभर अंतरावर बाई पडली, तर यंत्रानं इशारा का दिला नाही, याचा अहवाल द्या. मी यंत्राचा गोषवारा काढला. त्यात त्या सकाळी घळीत ‘नोंद नाही’ असं स्वच्छ लिहिलं होतं. खाली सही केली की विषय संपत होता. शिवाय, कागदाच्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं.

पेन उघडलं आणि मला एकदम दुर्लक्ष यादी आठवली. मग मी कच्ची नोंद काढली. यादीतल्या माणसांचे आवाजही तारेत येतात, यंत्र ते फक्त दाखवत नाही.

सहा वाजून दोन मिनिटांनी पावलं घळीत उतरली. एक पुरं, एक अर्धं. झऱ्यापाशी थांबली. परतताना जड झाली, कारण कळशी भरलेली होती. सहा एकोणीसला मोठा धक्का. मग पाच मिनिटं काही नाही.

सहा चोवीसला तीन ठोके.

थोडं थांबून पुन्हा तीन. पुन्हा तीन. नळीत पाणी नव्हतं, त्यामुळं प्रत्येक ठोका लख्ख उमटला होता. साडेसात. आठ, तेव्हा मी खुर्चीत येऊन बसले होते. नऊ, तेव्हा मी पोहे मागवले. ठोके हळूहळू लांबत गेले, हलके होत गेले, पण तीनचे दोन झाले नाहीत. नऊ पन्नासला शेवटचे. मी मोजले. ते किती होते, हे मी अहवालात लिहिलं आहे, इथं लिहवत नाही.

मागचीही नोंद चाळली. हिवाळाभरात वहिनी अकरा वेळा पुलावर आली होती. अकराही वेळा तीन ठोके देऊन बराच वेळ तिथंच थांबली होती. मग परत. ती रुसली नव्हती. ती मला जेवलीस का म्हणून विचारत होती, आणि मी तिला उत्तर देणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेमघळला गेले. आबा विहिरीवर होता. गावानं स्लॅब फोडायचं ठरवलं होतं आणि पहिली पहार त्यानं हातात घेतली होती. बाकीची माणसं न्याहारीला गेली होती. सांगितलं तर माहेर तुटणार, हे मला एसटीत बसतानाच दिसत होतं. न सांगता त्याच्या हातची भाकरी खाणं मला जमलं नसतं. मी सगळं सांगितलं. स्लॅब, यादी, ठोके, पोहेसुद्धा.

तो पहारीवर हात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, “म्हंजी ती तुला हाका मारत हुती.”

“हो.”

“तीन तास.”

“साडेतीन.”

“आन् तिला ऐकायचंच न्हाई, असं तू आधीच ठरवून ठिवलं हुतंस. कशापायी?”

“गावाचा आकडा कमी होऊ नये म्हणून.”

“आकडा म्या मागितला हुता,” आबा म्हणाला. “ते पाप माजं. पर तिचा आवाज बंद कर, असं म्या न्हवतं मागितलं, वैजे.” त्यानं सात दगडांकडं पाहिलं. शेंदूर उडाला होता. “त्या दिशी सभेत मान खाली घालून बसलीवतीस. मला वाटलं, बहिणीला दुःख झालंय.”

मी पाया पडायला वाकले. तो मागं सरला.

“जा आता. पुन्यांदा येऊ नगंस.”

मी अहवाल दिला. काही झाकलं नाही. वर्षभर निलंबित होते, मग त्याच कचेरीत कनिष्ठ जागेवर घेतलं. कायद्यात बदल झाले. यादीतल्या माणसाचा इशारा आता दाबला जात नाही, आणि चालती विहीर असल्याबद्दल गावाचा वाटा कापत नाहीत. हे दोन्ही आधी सुचायला काही बुद्धी लागत नव्हती. लोकांना जितकं असहाय करू तितकी नळी मोलाची, असं मोजमाप आम्ही हौसेनं बांधलं होतं, आणि त्यावर भाषणं देत फिरत होतो. कायदा बदलायच्या आधीच, वाटा आणि नर्स दोन्ही जातील हे ठाऊक असताना, टेमघळच्या ग्रामसभेनं हात वर करून विहीर उघडली. नर्स दोन वर्षं आठवड्यातून तीनच दिवस यायची. गावानं कुरकुर केली नाही.

भाऊबीजेला मी फोन केला. आबानं उचलला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मग जानेवारीत एका सकाळी यंत्रानं विचारलं. टेमघळ, विहीर, रोज पहाटे पावणेसहा. अनोळखी चाल, एक व्यक्ती, पावलं सावकाश. चार मिनिटं थांबते, परत जाते. ‘या व्यक्तीकडे दुर्लक्ष करायचं?’

मी ‘नाही’वर बोट टेकवलं.

दर तीस दिवसांनी ते पुन्हा विचारतं आणि मी दर वेळी नाही म्हणते. विहिरीवरून परतताना ती पावलं कधी कधी घळीतल्या पुलापर्यंत जातात, नळीपाशी थोडा वेळ थांबतात आणि माघारी वळतात. ठोका अजून एकदाही आलेला नाही. माझी कचेरी दहाची आहे. मी पावणेसहाला येऊन बसते.